काचा खाली घ्यायला लावणाऱ्या शालनकाकू

शालनकाकू रागवायच्या नाहीत. त्या रागातच असायच्या. बाकीच्यांना राग येतो आणि जातो. काकूंचा राग त्यांच्याकडे कायमचा राहायला आला होता, खालच्या खोलीत, गादी टाकून. वरच्या खोलीत मी, त्यांचा भाडेकरू.

घर दिल्लीत पालमला, विमानतळाला खेटून. डोक्यावरून विमान गेलं की भांडी वाजायची आणि काकू आभाळाकडे बघून म्हणायच्या, "जा मेल्या, जा. तुझ्याच बापाचं आभाळ." त्यांचे मिस्टर आर्मीत ड्रायव्हर होते. दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून रिटायर झाले आणि गुडगावच्या एका नव्या कंपनीच्या साहेबाची गाडी चालवायला लागले. काकू त्यांना 'आमचे हवालदार' म्हणायच्या. हवालदार इतके गरीब की स्वतःच्या घराची बेल वाजवून वर "सॉरी" म्हणायचे. दोघं मूळचे साताऱ्याकडचे. मी बार्शीहून कलेक्टर व्हायला दिल्लीत आलेलो. झालो नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. कलेक्टर असली वाक्यं लिहीत नाहीत.

काकू बुटक्या, काटक. साडी चापूनचोपून आणि पायात हवालदारांचे तपकिरी कॅनव्हासचे पीटी शूज. राग चढायला लागला की आधी डावी नाकपुडी फुगायची, मग उजवी. दोन्ही फुगल्या की समोरच्यानं निघावं. त्यांच्याकडे एक जुनी पांढरी गाडी होती. डाव्या बाजूला जादाचा क्लच आणि ब्रेक बसवून घेतलेला, आणि त्या गाडीत त्या फक्त बायकांना ड्रायव्हिंग शिकवायच्या.

तेव्हा ज्याच्या-त्याच्या घरी लोनवर गाडी येत होती. पालमला लागूनच द्वारकेत सोसायट्या उठत होत्या. गुडगावात काल मोहरी होती तिथे आज काचेची बिल्डिंग. आणि गाडी खाली कव्हर घालून उभी, नवरा चार्टर्ड बसनं ऑफिसला, बायको रिक्षावाल्याशी भांडतेय. "अगं मग तू चालव की," म्हटलं तर, "अय्या, लोक काय म्हणतील! ठोकली तर?" ठोकली तर गाडीचं काय होईल याची काळजी कुणालाच नसायची. बघणारे काय म्हणतील, याची असायची. नेमकं तिथेच काकूंचं टाळकं सणकायचं. बाकीच्या मोटर ट्रेनिंग स्कूलवाल्यांच्या गाड्यांवर मागे नुसता लाल 'एल' असायचा. काकूंनी 'एल'खाली पेंटरकडून हिंदीत लिहून घेतलं होतं: 'सीख रही है. तू माँ के पेट से सीख के आया था?'

त्या स्वतः शिकल्या चाळिशी ओलांडल्यावर. कॅन्टोन्मेंटच्या मैदानात, हवालदार शेजारी जीव मुठीत धरून बसलेले. थंडीचे दिवस, रविवारची दुपार. क्वार्टरमधल्या झाडून सगळ्या बायका उन्हात भिंतीवर ओळीनं बसलेल्या, हातात विणकाम, मांडीवर भुईमुगाच्या शेंगा. काकूंची गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. भिंतीवर हशा. पुन्हा उडी, पुन्हा हशा. दुसरी कुणी असती तर घरी जाऊन उशीत तोंड खुपसलं असतं. काकू खाली उतरल्या, भिंतीपाशी गेल्या आणि पदर पसरला.

"तिकीट काढा."

"कसलं तिकीट, भाभी?"

"फुकटात तमाशा कुठं असतो व्हय? मूठ मूठ शेंगा टाका."

बायकांनी घाबरून टाकल्या. पुढच्या रविवारी परत पदर, परत शेंगा. महिनाभरात गाडी सरळ जायला लागली, तशा भिंतीवरच्या बायका कमी झाल्या. सरळ जाणाऱ्या गाडीत बघायचं काय? काकू हे सांगताना शेवटी त्याच्यावरही चिडायच्या: "मग मला शेंगा इकत आणाव्या लागल्या की रं!"

माझी भरती झाली ती गच्चीवर. मी दोन मित्रांना काकूंची नक्कल करून दाखवत होतो. विमान, "जा मेल्या", नाकपुड्या, सगळं. मित्र अचानक हसायचे थांबले. मागे काकू, हातात वाळवणाची बादली.

"परत कर," म्हणाल्या.

परत केली. इलाज नव्हता. काकूंनी शेवटपर्यंत बघितली, एखाद्या परीक्षकासारखी. मग म्हणाल्या, "नाक चुकलं. डावं आधी फुगतं. आणि मी 'मेल्या' म्हणताना हसत नाही, तू हसलास. अजून कुणाकुणाची येते?"

"कुणाचीही येते, काकू."

"मग उद्या सकाळी गाडीत मागं बसायचं, नकल्या."

हे असं का, ते सांगतो. काकूंची शिकवायची पद्धत कुठल्याच मोटर स्कूलमध्ये नव्हती. बाकीचे मास्तर सांगतात, गाडी सिग्नलला बंद पडली की काच वर घ्या, मागच्याकडे लक्ष देऊ नका. काकू सांगायच्या, काच खाली. चारही खाली. "भुंकणाऱ्याचं तोंड बघायचं. नुसतं ऐकलं की लई मोठा वाटतो. बघितला की निघतो कोण? खिशाला पेन लावलेला कारकून." आणि गाडी आपोआप बंद पडायची वाटही बघायची नाही. मुद्दाम बंद पाडायची. ऑफिसच्या वेळेला, भर चौकात, हिरवा दिवा लागला की क्लच फटकन सोडायचा. गाडी आचका देऊन बंद. मग किल्ली काढून मांडीवर ठेवायची आणि तो अख्खा हिरवा दिवा नुसतं बसून राहायचं. मागे हॉर्न, शिव्या, उद्धार. दिवा लाल झाला की काकू विचारायच्या, "मेलीस का? नाही ना? चलो. पहिला गियर."

बायका रडायच्या. द्वारकेच्या एका मॅडमनी चेहरा ओढणीत लपवला, तर काकूंनी ओढणी ओढली: "मुँह कायको छुपाती है? चोरी की है क्या?" आणि एखादा मागचा उतरून खिडकीशी आला की काकू त्याच्याही आधी उतरायच्या. एका सफारी सूटवाल्याला त्यांनी भर चौकात विचारलं होतं, "तुम पैदा होते ही चलने लगे थे? तुम्हारी मम्मी ने हॉर्न बजाया था?" तो परत जाऊन गाडीत बसला आणि त्यानं स्वतःची काच वर घेतली.

पण एकदम चौकात नेलं तर बाई परत येत नाही. म्हणून आधी रंगीत तालीम, आणि तिच्यासाठी मी. द्वारकेत तेव्हा रस्ते झाले होते आणि घरं व्हायची होती. त्या मोकळ्या रस्त्यांवर मी मागच्या सीटवरून अख्खी दिल्ली वाजवायचो. हरियाणाचा ट्रॅक्टरवाला: "ओ ताई, चूल्हा संभाळ ले, यो तेरे बस का कोनी!" पंजाबी अंकल: "ओ बीबीजी, साइड ते हो जाओ!" साहेबाचा ड्रायव्हर, थंडगार आवाजात: "लाइसेंस किसने दिया आपको?" काकू पुढून ओरडायच्या, "अजून घाण बोल! हिला अजून ऐकू येतंय कुठं?" सकाळी असं मन मोकळं केलं की दिवसभर इतिहासाचा अभ्यास छान व्हायचा. निकालात काही दिसलं नाही, पण व्हायचा.

मग आल्या विद्यावहिनी. विद्या साठे. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या, नवरा मोहन साठे मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. वहिनी गणित शिकलेल्या, बी.एड. केलेल्या, आणि लग्नानंतर मुलांचे डबे भरण्यात वर्षं गेलेली. आता गुडगावच्या एका नव्या शाळेनं त्यांना गणितासाठी घेतलं होतं. शाळा जुलैत सुरू. शाळेची बस त्यांच्या भागात येत नव्हती, लाइनीच्या बसनं पहिला तास चुकला असता. घरी गाडी होती. म्हणजे सरळ हिशोब: जुलैपर्यंत गाडी चालवता आली तर नोकरी, नाहीतर नाही. "या वयात परत कोण बोलवणार मला?" वहिनी म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "वय नका सांगू. क्लच दाबा."

वहिनी विचित्र केस निघाल्या. ट्रॅक्टरवाला झाला, अंकल झाला, वहिनी ढिम्म. चौकात नेलं. एक बसवाला अर्धा बाहेर लोंबकळून असं काही बोलला की ते वहीत लिहून घ्यावं असं मला वाटलं. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं आणि काकूंना म्हणाल्या, "याला तंबाखू सोडायला सांगा, दात गेलेत." काकू खूश. पण याच वहिनी घरची गाडी घेऊन क्वार्टरच्या गेटबाहेर निघत नव्हत्या. रोज म्हणायच्या, "आज नाही जमलं." काकूंना उलगडेना, आणि उलगडलं नाही की काकू आणखी चिडायच्या.

उलगडलं एका रविवारी. साठ्यांकडे सत्यनारायण होता. काकू, हवालदार, मी, आणि दिल्लीतली बरीच मराठी मंडळी. साठेसाहेब म्हणजे मंडळींचा जीव की प्राण. गोरे, हसरे, सगळ्यांची विचारपूस करणारे. जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "मोहनराव, वहिनींचं ड्रायव्हिंग होऊन जाऊ द्या!" आणि साठेसाहेबांनी स्टीलचं ताट स्टिअरिंगसारखं धरलं. डोळे मोठे केले, खांदे कानापर्यंत चढवले, आणि बारीक आवाजात: "अहो, क्लच कुठला? हा का? अहो, गाय आली!" मंडळी लोळली. मग स्वतःच्या आवाजात, अगदी प्रेमानं: "राहू दे गं, विद्या. राहू दे. मी घेतो." पुन्हा हशा. वहिनी शिऱ्याचं पातेलं घेऊन दारात उभ्या होत्या. त्याही हसत होत्या.

मी तुम्हाला सांगतो, माझं डोकं फिरलं. मी जन्मभर नकला केल्यात. शाळेत हेडमास्तरांची केली म्हणून छड्या खाल्ल्यात. माझ्या धंद्यात एक गोष्ट पाळतात. ज्याची नक्कल करायची तो माणूस आधी नीट बघायचा. बघता बघता तो थोडा आवडायलाच लागतो. साठेसाहेबांनी वहिनींना बघितलंच नव्हतं. वहिनी गाडीत खांदे चढवत नाहीत. जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरतात, पेपर तपासताना धरावी तशी. ती नक्कल वहिनींची नव्हतीच. साहेबांना वहिनी कशा राहायला हव्या होत्या, त्याची होती. आणि लोक म्हणत होते, किती गमतीशीर जोडपं!

दुसऱ्या दिवशी द्वारकेच्या रस्त्यावर वहिनी छान तिसऱ्या गियरमध्ये होत्या. माझ्या डोक्यात कालचं ताट अजून वाजत होतं. मी मागून, हळू, साठेसाहेबांच्या आवाजात म्हटलं, "राहू दे गं, विद्या. राहू दे. मी घेतो."

वहिनींनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. चालत्या गाडीत. हात मांडीवर ठेवले आणि पाय पण काढला. काकूंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून आम्ही डिव्हायडरच्या अलीकडे थांबलो.

मला वाटलं, आता मला खातात. दोन्ही नाकपुड्या फुगल्या होत्या. पण काकू माझ्याकडे नाही, वहिनींच्या हातांकडे बघत होत्या.

"अस्सं," म्हणाल्या. "हिला ट्रॅफिकची भीतीच नाही. हिला रात्रीच्या जेवणाची भीती आहे."

वहिनी म्हणाल्या, "तो वाईट नाहीये हो काकू. रोज जेवताना म्हणतो, पण प्रेमानंच म्हणतो."

"मग त्याचीच तर अडचण हाय! शिवी दिली असती तर तुम्ही परत दिली असती. प्रेमाला काय देणार?"

तिथेच, गाडी बंद, काचा खाली, काकूंनी एक गोष्ट सांगितली. गावाकडे शाळा सातवीपर्यंत होती, पुढची तालुक्याला. मामानं जुनी सायकल दिली. शिकताना एकदा एसटी स्टँडसमोर पडल्या, परकर चेनमध्ये अडकला. स्टँडवरची माणसं हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो त्यांचा थोरला भाऊ. तो त्यांचा लाडका, तो त्यांना खांद्यावर घेऊन जत्रा दाखवायचा. "लोकांचं काय नाही वाटलं. पण दादा हसला. मी सायकल गोठ्यात लावली ती लावलीच. सायकल नाही तर तालुका नाही, तालुका नाही तर शाळा नाही. दादा संध्याकाळपर्यंत विसरला पण. मी सातवी पास राहिले." काकूंचा आवाज रडका नव्हता. दात आवळून बोलल्यासारखा होता. "म्हणून सांगते, बाई. जो हसतो त्याचं काही जात नाही."

मग माझ्याकडे वळल्या. "नकल्या. उद्यापासून ट्रॅक्टर बंद. रोज फक्त साठे."

रोज फक्त साठे. गियर बदलताना साठे, वळताना साठे, रिव्हर्सला साठे. "राहू दे गं." "अगं गाय आली." "तुला कशाला त्रास?" पहिले काही दिवस वहिनींचे हात सुटायचे आणि काकू खेकसायच्या, "धरा! तुमचं स्टिअरिंग हाय!" मग हात सुटायचे थांबले. मग एके दिवशी मी "राहू दे" म्हटलं आणि वहिनी चौथा गियर टाकता टाकता म्हणाल्या, "चुकलं."

"काय चुकलं?"

"तो आधी 'च्च' करतो. जीभ टाळ्याला लावून. मग 'राहू दे'. आणि 'मी घेतो' म्हणताना हात पुढे करतो, मुलांकडून कात्री घ्यावी तसा."

मी तसं केलं. वहिनी आरशात बघून म्हणाल्या, "अजून गोड. एवढा वैतागलेला नाही तो. अजून गोड म्हण." मी आणखी गोड म्हटलं. वहिनी हसल्या. शिऱ्याच्या पातेल्यामागचं ते हसू नव्हतं, हे वेगळंच होतं, जरा दुष्ट. काकू खिडकीबाहेर बघत होत्या आणि पहिल्यांदाच त्यांची एकही नाकपुडी फुगलेली नव्हती.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी वहिनींनी घरची गाडी काढली. गुडगावला शाळेच्या गेटपर्यंत जाऊन यायचं. साठेसाहेब म्हणाले, मी पण येतो, बघू तरी काय शिकवलंय. पुढे काकू, मागे साहेब आणि मी. या गाडीत काकूंच्या बाजूला ब्रेक नव्हता. त्यांचे पीटी शूज नुसतेच चटईवर.

धौला कुआँच्या चौकात ट्रॅफिक तुंबलेला. दिवा हिरवा झाला, वहिनींनी क्लच सोडला, जरा लवकर सुटला. गाडी आचका देऊन बंद. ही मुद्दाम नव्हती, खरी होती. मागे हॉर्नचा पाऊस. आणि माझ्या शेजारून: "च्च. राहू दे गं, विद्या. राहू दे. मी घेतो." आणि दोन सीटच्या मधून गोरा हात पुढे आला, कात्री मागावी तसा. इतकं हुबेहूब की मला वाटलं, मीच बोललो की काय.

मी काकूंकडे बघितलं. आता फुटणार. काकूंचे मांडीवर हात, समोर नजर.

वहिनींनी किल्ली काढली आणि मांडीवर ठेवली.

"मोहन, काच खाली घे."

"काय? अगं चालू कर आधी! लोक बघतायत!"

"बघू देत. काच खाली घे."

साहेबांनी घेतली. एक ट्रकवाला वाकून म्हणाला, "ओ बाऊजी, खुद क्यूँ नहीं चलाते? लेडीज़ को बिठा दिया!" साहेब सीटमध्ये खाली सरकले. मानेपर्यंत लाल. "विद्या, प्लीज. चल ना. प्लीज, यार."

"असंच होतं मला," वहिनी म्हणाल्या. "फक्त मला घरी होतं. जेवताना."

दिवा लाल झाला, परत हिरवा झाला. वहिनींनी किल्ली लावली, पहिला गियर टाकला, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरली आणि निघाल्या. थेट शाळेच्या गेटपर्यंत. गेटवरच्या चौकीदारानं विचारलं, "किससे मिलना है, मैडम?" वहिनी म्हणाल्या, "किसी से नहीं. कल से मैं यहीं हूँ."

दुसऱ्या दिवसापासून त्या तिथेच होत्या.

इथे संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण गणपतीत आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. हॉल भरलेला. साठेसाहेब निवेदक. माइकवर म्हणाले, "आमची विद्या आता रोज गुडगावला गाडी नेते बरं का! शिकवली कुणी? तुमच्या या सेवकानं! किती घाबरायची विचारा. मी शेजारी बसून हात धरून शिकवली." टाळ्या. कुणीतरी ओरडलं, "नवरा असावा तर असा!" वहिनी मधल्या रांगेत. काकू माझ्या शेजारी, शेवटच्या रांगेत.

मी उठलो. माझ्या तोंडात 'च्च' तयार होतं. सगळ्या हॉलला अस्सल माल ऐकवणार होतो. काकूंनी माझा शर्ट धरून मला खाली बसवलं.

"सोडा काकू! तो खोटं बोलतोय!"

"बोलू दे."

"तुमचं नावसुद्धा घेतलं नाही!"

"माझं नाव घेऊन गाडी चालती व्हय?" दोन्ही नाकपुड्या फुगल्या होत्या, आवाज चिरका झाला होता. त्या शांत नव्हत्या, अजिबात नव्हत्या. पण मला सोडलं नाही. "तू आत्ता त्याची नक्कल केलीस की उद्या त्याची बाजू घेऊन सगळे हिलाच बोलतील. गप बस. हिला घरी त्याच्याच ताटात वाढायचंय."

वहिनी मधेच उठल्या. सकाळी शाळा होती, मुलं पेंगली होती. नवऱ्याला माइकवर ठेवून त्या मुलांना घेऊन बाहेर पडल्या. काकूही उठल्या, मग मी.

बाहेर गाड्या एकमेकींना खेटून लावलेल्या. वहिनींची गाडी कोपऱ्यात अडकलेली, मागे जेमतेम जागा. बाई रिव्हर्स घेणार म्हटल्यावर पानवाल्यापासून माणसं गोळा झाली. कुणी सिगारेट पेटवली. दोघंतिघं हात हलवायला पुढे झाले, "आने दो, आने दो, मैडम, काटो, काटो!"

काकू गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या वहिनींना सांगतील, डावीकडे, उजवीकडे. त्यांनी गाडीकडे पाठ केली. कमरेवर दोन्ही हात, पीटी शूज रोवलेले, तोंड त्या माणसांकडे.

"क्या है?" काकू ओरडल्या. "घर नहीं है तुम लोगों को?"

"अरे आंटी, पीछे तो देखो! गाड़ी आ रही है आपके ऊपर!"

"आने दे."

मागचे पांढरे दिवे लागले. गाडी हळूहळू मागे येत गेली, काकूंच्या पाठीच्या दिशेनं, अजून जवळ, अजून जवळ, साडीवर तो पांढरा उजेड पसरत गेला. माणसं हात हलवायची थांबली. सिगारेटवाला दोन पावलं मागे सरला. गाडी पदराच्या अलीकडे थांबली, वळली, गेटमधून बाहेर पडली आणि रिंग रोडला लागली.

काकूंनी एकदाही वळून बघितलं नाही.